संगमेश्वरच्या पेटीतले पासपोर्ट

पाऊस ओसरला की आजोळी जायचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज. यंदा मात्र निमित्त वेगळे होते. मामू आणि मामींना उमऱ्याला जायचे आहे. मामूंचा पासपोर्ट केव्हाच संपलेला, मामींनी तर आयुष्यात काढलेलाच नाही. दोन्ही मुले कुवेतला. फॉर्म भरायला घरात कोणी नाही, म्हणून मामूंचा फोन आला, "बेटा, दोन दिवस ये."

संगमेश्वर रोड स्टेशनवर पहाटे उतरले. शास्त्री आणि सोनवी या दोन नद्या इथे भेटतात आणि पुढे शास्त्रीचे पाणी जयगडच्या खाडीला जाऊन मिळते. कसब्यात कर्णेश्वराचे पुरातन मंदिर आहे. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांना मोगल सैन्याने पकडले ते याच संगमेश्वरात. एके काळी समुद्रातून निघालेली गलबते खाडीतून थेट इथपर्यंत येत. पुढे गाळ साचला, बंदर मागे पडले, पण इथल्या माणसाची बाहेर पडण्याची सवय काही सुटली नाही. आधी मुंबईची गोदी, मग जहाजावरची खलाशाची नोकरी, मग आखाती देश. आमच्याकडे "मुलगा काय करतो?" याच्या आधी "मुलगा कुठे असतो?" असे विचारतात, ते उगीच नाही.

जुना पासपोर्ट शोधण्यासाठी मामूंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात अख्ख्या घराचा इतिहास निघाला. घराची फाळणी, जमिनीचे उतारे, निकाहनामे आणि सर्वांत खाली, मलमलच्या फडक्यात बांधलेले पासपोर्ट.

पहिला हाती आला तो पासपोर्टच नव्हता. मरहूम नानांचा हजचा पास होता तो. नाना जहाजाने हजला गेले. आठ दिवस आधी मुंबई गाठायची, साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचे आणि तिथून जेद्दाच्या जहाजात बसायचे. १९९५ नंतर ती जहाजे बंद झाली आणि सगळेच हाजी विमानाने जाऊ लागले. पण जहाज असो वा विमान, हज कमिटीतर्फे जाणाऱ्याला तेव्हा नेहमीचा पासपोर्ट लागत नसे. त्याला यात्रेपुरता वेगळा पास मिळे. हज झाली की त्या पासाचा उपयोग संपला. नानांना त्याचे काही वाटले नसावे. त्यांना मक्का-मदिना पाहायची होती, ती त्यांनी पाहिली. पण इतर देशांत जाणाऱ्या भारतीयाच्या हाती एक पुस्तिका आणि हाजीच्या हाती दुसरी, असे कित्येक वर्षे चालले. २००९ च्या हजपासून सौदी सरकारने प्रत्येक हाजीला आंतरराष्ट्रीय पासपोर्टच हवा असे ठरवले. तेव्हा गावोगावी धावपळ उडाली. जन्माचा दाखला नाही, नावाचे स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचे! तो त्रास खरा होता. पण त्या त्रासातून एक गोष्ट झाली. ज्या म्हाताऱ्या माणसांनी कधी पासपोर्ट पाहिला नव्हता, त्यांच्या हातात इतर सर्व भारतीयांसारखाच निळा पासपोर्ट आला.

दुसरा पासपोर्ट मामूंचा, हाताने लिहिलेला. कडा झिजलेल्या, निळा रंग जवळजवळ काळा पडलेला, पण राजमुद्रेचे सिंह अजून ओळखू येतात. मामू सातवी नापास. दम्मामला आचारी म्हणून गेले. दहावी पास नसलेल्या माणसाला कामासाठी आखाती देशांत जायचे असेल, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. पासपोर्टवर तशी नोंद असते. तिला 'ईसीआर' म्हणतात. हेतू चांगला आहे. एजंटांनी आणि मालकांनी अडाणी माणसाला फसवू नये, म्हणून सरकारने आधी करार तपासायचा. तरीही मामूंच्या पहिल्या मालकाने दोन वर्षे त्यांचा पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवला होता. "माझं नाव, माझा फोटो, आणि चावी त्याच्या खिशात," मामू अजून सांगतात. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, तो अडकवून ठेवण्याचा हक्क मालकाला नाही, हे त्यांना फार उशिरा कळले.

तिसरा माझ्या मोठ्या मामेभावाचा, मुदत संपलेला. तो इंजिनियर. त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर'ची नोंद नाही. बाप-लेकांचे पासपोर्ट मी शेजारी ठेवले. आत फरक, बाहेरून दोन्ही निळे.

हे सांगण्याचे कारण २०१८ चा जानेवारी. परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा जाहीर केले की पासपोर्टचे शेवटचे पान यापुढे छापायचे नाही. त्या पानावर आई-वडिलांची नावे आणि पत्ता असतो. एकट्या आईने वाढवलेल्या मुलांना त्याची अडचण होत होती. इथपर्यंत ठीक. पण 'ईसीआर'ची नोंदही त्याच पानावर. ते पान गेले तर अधिकाऱ्याने ती पाहायची कुठे? त्यावर तोड काढली गेली ती अशी की, 'ईसीआर' असलेल्यांच्या पासपोर्टला नारिंगी कव्हर द्यायचे, बाकीच्यांचे निळेच ठेवायचे.

सरकारी पासपोर्टचे रंग आपल्याकडे आधीपासून वेगळे आहेत. सरकारी कामावर जाणाऱ्याचा पांढरा, राजनैतिक अधिकाऱ्याचा मरून. पण ते रंग कामाचे आहेत. काम संपले की तो पासपोर्टही परत जातो. नारिंगी रंग मात्र माणसाच्या शिक्षणाचा, म्हणजे खरे तर त्याच्या गरिबीचा झाला असता. विमानतळाच्या रांगेत लांबूनच कळले असते, हा दहावी नापास. आपल्या अधिकाऱ्यालाही कळले असते आणि परक्या देशातल्या मालकालाही. केरळपासून विरोध सुरू झाला, प्रकरण तिथल्या हायकोर्टात गेले, आणि ३० जानेवारी २०१८ रोजी सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. शेवटचे पान राहिले, रंगही एकच राहिला.

मामूंना ते दिवस आठवतात. "मशिदीबाहेर त्याचीच चर्चा," ते म्हणाले. "एकाच घरात दोन रंगाचे पासपोर्ट! मुलाबरोबर प्रवास केला असता तर तो निळ्याच्या रांगेत आणि मी नारिंगीच्या? ज्याच्या पैशानं तो शिकला, तोच खालच्या रांगेत?"

कव्हरच्या रंगाने काय होते, असे कोणी म्हणेल. ब्रिटनला विचारावे. १९८८ पासून तिथला पासपोर्ट तांबडट झाला. युरोपीय संघातून बाहेर पडताच २०२० साली तो पुन्हा निळा केला. कित्येक मुस्लिम देशांनी हिरवा रंग घेतला आहे. कव्हर म्हणजे देशाने आपल्या माणसाची जगाशी करून दिलेली पहिली ओळख. आपल्या कव्हरवर राजमुद्रा आहे, तिच्याखाली 'सत्यमेव जयते' आहे आणि 'भारत गणराज्य' हे शब्द आहेत. त्यात धर्म नाही, जात नाही, इयत्ता नाही. परक्या मुलखात, जिथे आपली भाषाही कोणाला कळत नाही, तिथे एवढीच ओळख पुढे करायची असते. ती सर्वांची सारखी असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

दुपारी फॉर्म भरला. मामूंचे वय पन्नाशीच्या पुढचे, त्यामुळे आता त्यांना 'ईसीआर' लागू होत नाही. हे कळल्यावर ते हसले, "म्हातारपणी पास झालो!" वाचकांनाही सांगते. वडीलधाऱ्यांचे पासपोर्ट काढताना आधार, शाळेचा दाखला आणि निकाहनामा यांवरचे नाव अक्षर न अक्षर जुळवून घ्या. मुदत तपासा, प्रवासाच्या वेळी निदान सहा महिने शिल्लक हवेत. कामासाठी जाणाऱ्या मुलांना पासपोर्टची एक प्रत घरी ठेवून जायला सांगा.

महिनाभराने मामींचा फोन आला. पोस्टमन दोन्ही पासपोर्ट एकदमच देऊन गेला. नवे, चिपवाले, कव्हरवर खाली छोटे सोनेरी चिन्ह असलेले ई-पासपोर्ट. मामींनी ते वुजू करून हातात घेतले म्हणे.

"कसे आहेत?" मी विचारले.

"छान आहेत गं. पण वरून दोन्ही सारखेच. माझा कुठला आणि यांचा कुठला, ते उघडून बघावं लागतं."