नाही म्हणणारा खेळाडू

बेसबॉलचा संघ चालवण्याच्या आमच्या ऑनलाइन गेममध्ये खेळाडूंच्या कराराचा भाग माझ्याकडे होता. पहिला आराखडा मी एका रात्रीत लिहिला आणि पुढे दोन वर्षं त्यावर अडून बसलो. नियम एकच: जो जास्त पैसे देईल, खेळाडू त्याचा.

मी आयपीएलचे लिलाव बघत वाढलो. तिथे हातोडा पडला की खेळाडूचा संघ ठरतो. कुठे खेळायचंय, हे त्याला कोणी विचारत नाही. बेसबॉलमध्येही तसंच असणार, असं मी धरून चाललो. वर तुळशीबागेतली मजा यावी म्हणून घासाघिशीच्या पाच फेऱ्या ठेवल्या आणि खेळाडूचा संयम दाखवणारी पट्टी. एक सहकारी सारखी म्हणायची, "अरे, खेळाडूलाही मत असू दे की." मी उडवून लावायचो. जास्त पैसे मोजूनही खेळाडू हाती लागला नाही, तर लोक त्याला बगच म्हणणार ना!

झालं भलतंच. पट्टीमागचं गणित लोकांनी काही आठवड्यांत सोडवलं. पहिल्या फेरीत किती कमी बोलायचं, चौथीत कुठे थांबायचं, सगळ्यांना पाठ. शेवटच्या फेरीला जो जागा असेल तो जिंकायचा. तिसऱ्या सीझनपर्यंत सगळे चांगले पिचर चार श्रीमंत संघांकडे गेले आणि बाकीच्यांनी लॉगिन करणंच सोडलं. खरं सांगतो, माझं मत तत्त्वासाठी बदललं नाही. गेम रिकामा होताना बघून बदललं.

मग बेसबॉलचा इतिहास वाचायला बसलो, जो आधीच वाचायला हवा होता. 1969 मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सनी कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. 'रिझर्व्ह क्लॉज'मुळे करार संपला तरी खेळाडूवर क्लबचाच हक्क राहायचा. फ्लडनं जायला नकार दिला, दावा लावला आणि 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. पण डिसेंबर 1975 मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्या कलमाची पकड सुटली. पुढे सहा वर्षांच्या सेवेनंतर फ्री एजंट होण्याची, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायला मोकळं होण्याची वाट खेळाडूंना मिळाली. 1992 मध्ये याच वाटेवर उभ्या असलेल्या ग्रेग मॅडक्सनं न्यूयॉर्क यांकीजची मोठी ऑफर नाकारली आणि अटलांटा ब्रेव्हजशी पाच वर्षांसाठी 2 कोटी 80 लाख डॉलरचा करार केला.

माझ्या गेममध्ये मॅडक्सला हे करताच आलं नसतं. ज्याला मी बग म्हणत होतो, त्यासाठी माणसं कोर्टात भांडली होती.

घासाघीस मी काढून टाकली. आता प्रत्येक संघ एकच बंद ऑफर देतो. खेळाडूला काय हवंय ते त्याच्या पानावर आधीच लिहिलेलं असतं: घराजवळचं शहर, जिंकणारा संघ, रोज खेळायची खात्री किंवा नुसता पैसा. साधारण तीन ते सहा वर्षं सेवा झालेल्यांसाठी बेसबॉलच्या मेजर लीगमधलाच पगाराचा लवाद घेतला. दोन्ही बाजूंनी एकेक आकडा द्यायचा. लवाद त्यातला एक उचलतो, मधला काढत नाही. अवाच्या सवा मागणारा हरण्याची शक्यता जास्त, त्यामुळे दोघंही बेतानं बोलतात.

सगळेच खूश आहेत असं नाही. सर्वांत मोठी ऑफर देऊनही शॉर्टस्टॉप दुसरीकडे गेला म्हणून एकानं अकाउंट बंद केलं. त्याचा राग मला पटतो. न सांगता दिलेला नकार कोणालाही फसवणूकच वाटेल. म्हणून आता प्रत्येक नकाराखाली खेळाडूचं कारण एका ओळीत दिसतं.

सहकारीचं म्हणणं दोन वर्षं अडवलं, ती चूक माझीच. आज आमच्या कोडमध्ये खेळाडूची इच्छा आधी तपासली जाते, आकड्यांची तुलना त्यानंतर.