भित्री राजकन्या आणि हाडांचा कुत्रा

परीकथा म्हटलं की काय आठवतं? काचेचा बूट, देखणा राजपुत्र आणि शेवटी 'ते सुखाने नांदू लागले.' पण नांदायला लागल्यावर तोच राजपुत्र बायकोला मारायला लागला तर? टी. किंगफिशर या लेखिकेने नेमकं हेच विचारलंय. (हे टोपणनाव बरं का, खरं नाव अर्सुला व्हर्नन.) 'नेटल अँड बोन' ही तिची २०२२ सालची कादंबरी. २०२३ चा ह्यूगो पुरस्कार हिलाच मिळाला.

नायिका मारा. वय ३०, तीन राजकन्यांतली धाकटी. राज्य चिमुकलं, शेजारी बलाढ्य, त्यामुळे लग्न म्हणजे राजकारण! थोरली बहीण शेजारच्या राजपुत्राला दिली, ती वारली. मग मधलीलाही त्याच घरात दिली. माराची रवानगी कॉन्व्हेंटमध्ये. आपली शाळेची कॉन्व्हेंट नव्हे हं, खरीखुरी, नन्सची! बहिणीला मारहाण होते हे कळल्यावर ही बाई मेलेल्यांशी बोलणाऱ्या एका चेटकिणीकडे मदत मागायला जाते. चेटकीण तीन अशक्य कामं सांगते, म्हणजे ही कंटाळून घरी परतेल. हाडांचा कुत्रा बनव, आग आग करणाऱ्या नेटलच्या धाग्यांचा झगा शिव आणि मडक्यात चांदणं पकड. आपल्या सबमिशनच्या याद्या यापुढे काहीच नाहीत!

नेटलचे कपडे ही कल्पना जुनीच. अँडरसनच्या १८३८ च्या हंसांच्या गोष्टीतली एलिझा ११ भावांसाठी असेच अंगरखे विणते, तेही तोंडातून शब्द न काढता. आपल्या गोष्टींना सोसणारी, गप्प बसणारी मुलगी फार आवडते. मारा मात्र गप्प नाही. ती घाबरते, सारखी सॉरी म्हणते, नको तिथे बडबडते. तलवार तिला चालवता येत नाही, विणकाम मात्र येतं. ती तारेने हाडं बांधत बसते, बोटं सोलवटतात, आणि कुत्रा चक्क उठून उभा राहतो!

मला वाटायचं, धीट माणसांना भीती वाटतच नसेल. व्हायवाच्या आदल्या रात्री मेसचं जेवण घशाखाली न उतरणाऱ्या माझ्यासारखीने कसलं धाडस करायचं? पण माराची भीती शेवटपर्यंत जात नाही. ती भीतीला बरोबर घेऊनच चालते.

माझी एक ताई आहे. लग्नाला दोन वर्षं झाली. फोनवर 'मी मजेत' म्हणते, पण आवाज मजेतला नसतो. घरात विषय काढला की उत्तर ठरलेलं, 'संसारात भांड्याला भांडं लागतंच.' या सुट्टीत मी तिच्याकडे जाणार आहे. तिला एकटीला गाठून, 'खरं काय ते सांग,' एवढंच विचारणार आहे. आत्तापासूनच पोटात गोळा आलाय.

पण तिकीट काढलंय.