जहाज निवडताना

मेडशीच्या कुटुंबाला अकोल्याहून रेल्वेने मुंबई गाठता येते. खरा प्रश्न जहाज निवडण्याचा असतो. नातवंडांना तरणतलाव आणि नाट्यप्रयोग हवे असतात, आजींना चौविहार सांभाळायचा असतो. २०२१ पासून मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजावर जैन भोजन मिळते. परंतु कंदमूळ वर्ज्य असणे आणि सूर्यास्तापूर्वी ताट वाढले जाणे, या निराळ्या गोष्टी. चातुर्मास आटोपून निघावे, तर त्या दिवसांत मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून आरक्षणापूर्वीच भोजनाची वेळ विचारून घ्यावी. जहाजावरील कॅसिनो टाळता येतो, सूर्यास्त टाळता येत नाही. पहिल्या खेपेस दोन-तीन रात्रींची सफर पुरे. वेळ जुळत नसेल, तर आजींना घरी ठेवण्यापेक्षा जहाज बदलावे.