97चा मॅप आणि राजूरचा घाट

पुण्याहून गाडी रिमॅप करून निघालो, तेव्हा ट्यूनरने एवढंच बजावलं, "दादा, 97च्या खालचं पेट्रोल घालू नका." मी मान डोलावली. पण माझं कृषी केंद्र आहे चिखलीला, आणि गाडी धावते ती बुलढाणा, मोताळा, मलकापूर, नाहीतर खामगाव-शेगाव. या वाटांवर पंपावरचा पोरगा विचारतो, "साधं टाकू का पावर?" पावर म्हणजे कोणत्याही कंपनीचं जरा महागातलं पेट्रोल. त्याचा ऑक्टेन किती, असं विचारलं की तो "झीरो पाहून घ्या भाऊ" म्हणतो आणि भरायला लागतो.

गाडी स्कोडा स्लाव्हिया. 999 सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, हाताचा गिअर. कारखान्यातून येते तेव्हा 115 पीएस आणि 178 न्यूटन-मीटर. रिमॅपनंतर ट्यूनरच्या कागदावर ती 140च्या पुढे गेली होती. वॉरंटी गेली, विमावाल्याला काय सांगायचं हा वेगळा घोर, आणि मोटार वाहन कायद्यातलं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल काय म्हणतं तेही वाचून झालं. ज्याला हे नको त्याने या वाटेला जाऊ नये. मला हवं होतं.

रिमॅपमध्ये नवा सुटा भाग काही बसत नाही. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलतात. टर्बो जास्त हवा कोंबतो, त्या मापाने पेट्रोल जास्त जातं आणि ठिणगी थोडी आधी पडते. या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच 10.5 आहे, त्यात हा जास्तीचा दाब. ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपसूक भडकलं, की बसला ठोका. यालाच नॉकिंग म्हणतात. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो की असं आपसूक भडकणं पेट्रोल किती टाळतं. जास्त आकड्याच्या पेट्रोलमध्ये जास्त ताकद असते, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. ताकद मॅपमध्ये असते, पेट्रोल ती फक्त झेलतं.

पण तो 97 कुठला? ट्यूनरने दाखवलेली मूळ फाइल परदेशातल्या पेट्रोलवर बेतलेली होती. युरोपात आणि भारतात आकडा 'रॉन' पद्धतीचा असतो. अमेरिकेत पंपावर लिहितात ती रॉन आणि मॉन या दोन चाचण्यांची सरासरी, म्हणून तिथलं 93 म्हणजे आपल्याकडचं साधारण 98. आमच्या खामगावच्या एका मित्राने अमेरिकेतली फाइल मागवली, तिच्यावर 91 लिहिलं होतं आणि तो खूश, की आपलं साधंच चालणार. ते 91 आपल्या मोजणीत 95-96 होतं. मी त्याला फोनवर समजावलं, तर त्याला वाटलं मी त्याच्या फाइलवर जळतोय.

शिवाय रॉनची चाचणी होते ती प्रयोगशाळेतल्या एका सिलिंडरच्या इंजिनावर, मिनिटाला 600 फेऱ्यांवर, साधारण 52 अंशांची हवा देऊन. बियाण्याच्या पिशवीवर छापलेली उगवणशक्ती जशी, तसाच हा आकडा. तो खोटा नसतो, पण शेत कोणतं आणि पाऊस कधी पडला, हे पिशवीला माहीत नसतं. माझं शेत म्हणजे राजूरचा घाट.

मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात, मे महिन्यात 44-45 अंश सहज. बुलढाणा वर डोंगरावर, साडेसहाशे मीटरच्या आसपास. मोताळ्याकडून येताना घाट चढावा लागतो, आणि समोर कापसाचा किंवा सिमेंटचा ट्रक असतोच. त्याच्यामागे रांगत राहायचं, गाडीला वारा लागत नाही, इंटरकूलरचं पाणी तापत जातं, आणि मग वळण संपून जरा सरळ रस्ता दिसला की ॲक्सिलरेटर दाबून ओव्हरटेक. टर्बोच्या गाडीला याहून कठीण परीक्षा आपल्या जिल्ह्यात नाही. लोकांना वाटतं ती समृद्धी महामार्गावर असते. मेहकर किंवा सिंदखेडराजाला वर चढायचं आणि 120ने जायचं, म्हणजे इंजिनाची कसोटी! प्रत्यक्षात सपाट रस्त्यावर 120 धरून ठेवायला या इंजिनाला फारसा जोर लागत नाही, समोरून वारा भरपूर असतो आणि ठिणगीला सवड असते. समृद्धीवर टायरची काळजी घ्यावी, ऑक्टेनची नाही.

आणखी एक. साध्या, टर्बो नसलेल्या गाडीला उंचीवर हवा विरळ मिळते, त्यामुळे तिथे तिला ऑक्टेन थोडा कमी चालतो. टर्बो मात्र विरळ हवेची भरपाई करत बसतो, जास्त फिरतो आणि हवा जास्त तापवतो. त्यामुळे बुलढाण्याच्या गार वाऱ्याचा फायदा मिळतो, उंचीचा मिळत नाही.

मी ओबीडी पोर्टला डोंगल लावून मोबाइलवर लॉग घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे खेचली जाते, आत जाणाऱ्या हवेचं तापमान किती, बूस्ट किती. नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकला घट्ट बसवलेला एक छोटा कान. ठोक्याचा विशिष्ट कंप, काही हजार हर्ट्झचा, ऐकू आला की तो कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो. त्यामुळे इंजिन लगेच फुटत नाही. पण ठिणगी उशिरा पडली की ताकद जाते आणि एक्झॉस्टची उष्णता वाढते. म्हणजे 97च्या मॅपवर कमी ऑक्टेनचं पेट्रोल घालून घाट चढला, तर पैसे मोजून घेतलेली ताकद कॉम्प्युटर स्वतःच परत घेतो, वर टर्बो तापतो तो वेगळा. कानाला काहीच ऐकू येत नाही. जुन्या गाडीत टकटक ऐकू यायची, मिस्त्री बोनेटला कान लावून सांगायचे. आता ते सगळं आकड्यात असतं.

मलकापुरात दुपारी एका पंपावर 95 भरलं आणि घाटाला लागलो. ट्रकच्या मागून सुटल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये आतल्या हवेचं तापमान 60च्या वर गेलं आणि दोन सिलिंडरांत ठिणगी चार-साडेचार अंश मागे. तिसऱ्या सिलिंडरात त्याहून जास्त. शेजारी बसलेले काका, मोताळ्याकडचे, म्हणाले, "गिअर काहून पाडतो रे सारखा? टॉपमध्येच चढव, ॲव्हरेज जाते." हा आमच्याकडचा घाट चढवायचा धर्म. डिझेलच्या जीपवर तो ठीक होता. थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनावर दीड-दोन हजार फेऱ्यांत वरच्या गिअरमध्ये पाय दाबणं हे सगळ्यात वाईट, कारण तिथे ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि तेव्हा सेन्सरने ठिणगी मागे ओढून काही उपयोग नाही. यावर ऑक्टेनही पुरा इलाज नाही. गिअर पाडणं आणि एपीआय एसपी दर्जाचं ऑइल, हे दोन जास्त कामाचे. काकांना मी एवढंच म्हणालो, "काका, ही गाडी डिझेलची नाही." ते गप्प बसले, पण पटलं नाही.

मग 97च्या वरचं आणायचं कुठून? इंडियन ऑइलने 1 डिसेंबर 2020ला एक्सपी-100 बाजारात आणलं, सुरुवातीच्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती, आणि भाव तेव्हा दिल्लीत 160 रुपये लिटर होता. माझ्या रोजच्या वाटेवर 100 मिळत नाही. पुण्याला कामानिमित्त गेलो की टाकी भरून येत असे. टाकी 45 लिटरची. संभाजीनगर, जालना करत चिखलीला पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त रिकामी, आणि उरलेल्यावर दोन-तीनदा घाट. त्या फेऱ्यांत लॉग इतका स्वच्छ यायचा की पाहतच राहावं. ठिणगी जवळजवळ कुठेच मागे नाही. पण आठवड्याने पुन्हा पावर. कॅनमध्ये भरून आणा, असा सल्ला देणारेही भेटले. घरी लहान मुलं, दुकानात कीटकनाशकं, त्यात पेट्रोलचे कॅन? सल्ला देणाऱ्याचं घर मात्र नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राशेजारी होतं.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्याही पाहिल्या. त्यांवर लिहिलेले 'पॉइंट' हे बहुतेक वेळा ऑक्टेनच्या आकड्याचा दहावा भाग असतात. तीस पॉइंट म्हणजे तीन. ज्यांत मँगनीजचं संयुग असतं त्या वापरल्या की स्पार्क प्लगवर नारिंगी थर बसतो. खामगावच्या मिस्त्रींनी दुसऱ्या एका गाडीचा तसा प्लग मला दाखवला आणि म्हणाले, "भाऊ, हे औषध पिकाले नाही, तणाले चाललंय."

शेवटी प्रश्न मी उलटा केला. मॅपला साजेसं पेट्रोल शोधत बसण्यापेक्षा इथे रोज मिळणाऱ्या पेट्रोलवर मॅप लिहून घ्यायचा. ट्यूनरला फोन केला. त्याला ते फारसं रुचलं नाही. "दादा, कागदावरचे दहा-बारा पीएस जातील." मी म्हटलं, जाऊ द्या, ते मे महिन्यात तसेही माझ्याकडे नसतात. मग त्याने माझे घाटातले लॉग मागितले, आणि ते पाहिल्यावर त्याचा सूर बदलला. पुण्याच्या डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पंखा लावून काढलेला आलेख आणि राजूरच्या घाटातला आलेख यांत फार अंतर होतं.

इथे इथेनॉल मध्ये आलं. गावात त्याला शिव्या देणारे भरपूर, आणि ॲव्हरेजबद्दलची तक्रार खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे 20 टक्के मिश्रणात हिशेबाने सहा-सात टक्के ऊर्जा कमी. पण ट्यूनिंगच्या बाजूने पाहिलं तर इथेनॉलचा ऑक्टेन 108च्या घरात, आणि ते वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. थेट फवारणीच्या इंजिनात ही उष्णता सिलिंडरातच शोषली जाते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025मध्ये सांगितलं की बीएस-चारमध्ये साध्या पेट्रोलचा आकडा 88 होता, बीएस-सहामध्ये 91 झाला आणि 20 टक्के इथेनॉलने तो 95पर्यंत गेला. माझी गाडी एप्रिल 2023नंतरची, ई-20ला चालणारी, म्हणून मला रबरी नळ्यांची चिंता नव्हती. जुन्या गाडीवाल्याने माझ्या बोलण्यावर जाऊ नये. काकांना मी सांगितलं की देशात इथेनॉलसाठी आता मका मोठ्या प्रमाणावर जातो, तेव्हा ते पहिल्यांदा गाडीकडे आपुलकीने पाहायला लागले. त्यांच्या शेतात मकाच असतो.

नवा मॅप ई-20च्या 95वर लिहिला. मधल्या फेऱ्यांत ठिणगी दोन-तीन अंश मागे, वरच्या फेऱ्यांत बूस्ट थोडा कमी, आणि हवा तापली की तो आणखी कमी होईल अशी तजवीज. पूर्वीच्या मॅपवर पुण्याचं 100 टाकलं की फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलच्या मापात करतो त्या दुरुस्तीचे आकडे, सरकायचे. 100च्या पेट्रोलमध्ये इथेनॉल घालत नाहीत, असं ट्यूनर म्हणाला, आणि ट्रिमचे आकडेही तेच सांगत होते. आता ही ओढाताण थांबली. मे महिन्यातल्याच एका संध्याकाळी पुन्हा घाट, पुन्हा ट्रक, पुन्हा तिसरा गिअर. कधी शून्य, कधी एक अंश. कागदावर गाडी कमी ताकदीची झाली होती आणि घाटात ती आधीपेक्षा एकसारखी ओढत होती.

नव्या मॅपवरही मी शक्यतो पावरच भरतो. मग साधं का नाही, असं कुणी विचारेल. साधं भरूनही लॉग घेतले आहेत, फरक अंशाभराचा. ट्यून केलेल्या गाडीत तो अंशही मला हवा आहे, म्हणून लिटरमागे सात-आठ रुपये जास्त देतो. पण ते कुठल्या पंपावर, याला आकड्यापेक्षा जास्त महत्त्व देतो. गावाकडच्या लहान पंपावर पावर दिवसाला किती खपत असेल? ती टाकी आठवडेच्या आठवडे पडून राहते, आणि ई-20मध्ये पाणी शिरलं तर इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं, वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. पावसाळ्यात हे जास्त. अशा ठिकाणी मी रोज खपणारं साधं भरतो आणि पाय हलका ठेवतो. नांदुरा-मलकापूरच्या हायवेवर जिथे गाड्यांची रांग असते, तिथे पावर. पंपावर घनता तपासून मागता येते, फिल्टर पेपरवर थेंब टाकून डाग राहतो का ते पाहता येतं, पाच लिटरचं मापही मागता येतं. ऑक्टेन मात्र पंपावर मोजता येत नाही, त्याला प्रयोगशाळेतलं इंजिनच लागतं. घनता मागितली की मॅनेजर आधी बिलबुक तपासतो, मग आपला चेहरा.

भाच्याकडे टर्बोची दुसरी गाडी आहे, कारखान्यातून आली तशी, तिच्या झाकणावर 91 लिहिलेलं. त्याला सांगून थकलो की तुझ्या गाडीला पावर म्हणजे नुसता खर्च. परवा शेगावला जाताना त्याने माझ्यासमोर पावर भरलं, आणि खामगाव यायच्या आत पिकअप वाढल्याचं मला शपथेवर सांगितलं.