सम सोडवत नाही

उजव्या अंगठ्याच्या बुडाशी सूज आहे आणि डॉक्टरांनी स्लॅप, म्हणजे काँगोवरची कडक चापट, बंद करायला सांगितलंय. काँगोवर स्लॅप गेला की उरतात तळवा, बोटं आणि उघडा हात. त्यामुळे सध्या वाजवणं कमी, ऐकणं जास्त. आणि ऐकतोय तेही एकच: सांतानाचा ‘अब्राक्सास’, १९७० चा.

या अल्बमचं नाव काढलं की लोक कार्लोसच्या गिटारवर बोलतात. बोलू देत. ‘साम्बा पा ती’मधला तो लांबवलेला सूर मलाही आवडतो. पण माझं घोडं अडतं ‘ओये कोमो वा’पाशी.

आम्ही तबल्या-ढोलकीवर वाढलेले. समेवर वजन टाकायला हात शिवशिवतो. इथे मात्र काँगोचे दोन उघडे ठोके पडतात ते चौथ्या मात्रेवर आणि तिच्या अर्ध्यावर. पहिल्या मात्रेला तळवा नुसता टेकतो, जवळजवळ मुका. जिथं आम्ही ‘धा’ म्हणणार, नेमकं तिथं गप्प बसायचं. डोक्याला हे कधीच कळलंय. एकट्यानं वाजवताना जमतंही. पण गाणारा सुरू झाला, समोरचे चार जण मान डोलवायला लागले, की हात नकळत पहिल्या मात्रेवर बसतो आणि चा-चा-चाचं भजन होतं. बाकी कुणाला समजत नाही. बासवाल्याला समजतं, तो माझ्याकडे बघतो.

मूळ गाणं तितो प्वेन्तेचं, १९६२ चं. तो स्वतः टिंबालेसवाला, त्याच्या बँडची शिस्त कडक. सांतानाच्या पोरांनी ब्रास आणि बासरीचं काम ग्रेग रोलीच्या ऑर्गनवर आणि गिटारवर टाकलं. सगळं गाणं जवळपास दोन कॉर्डांवर चालतं. टिंबालेसवर निकाराग्वाचा चेपितो आरेआस, ड्रम्सवर मायकेल श्रीव्ह, काँगोवर मायकेल काराबेयो. घोटीवपणात प्वेन्तेचं रेकॉर्डिंग सरस, हे माझं मत. तरीही मी सांतानाकडेच वळतो, कारण तालवाद्यांची एवढी माणसं असून कुणी दुसऱ्याच्या जागेत घुसत नाही. काराबेयोचा हात किती थोडं वाजवतो, हे मला स्लॅप बंद झाल्यावर ऐकू आलं. त्याआधी मी त्याच्या वादनात स्वतःचे तुकडे भरत बसायचो, मनातल्या मनात.

ऑर्केस्ट्रात माझी ख्याती तुकड्यांचीच होती. दोन ओळींमध्ये श्वासाएवढी जागा दिसली की मी भरलीच. साउंडवाल्याला हळूच सांगायचो, काँगो थोडा वर घे. टाळ्या पडायच्या आणि मला त्या मोजता यायच्या. आमच्याच भागातला एकजण चार काँगो मांडून बसायचा, स्लॅपशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या मिळायच्या. अजून ते माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

आता तोही बसून आहे. एक मुलगा ऑक्टोपॅड घेऊन येतो आणि अख्खा ऱ्हिदम सेक्शन दोन काठ्यांवर उरकतो. हिशेबाला परवडतं, कबूल. पण पंचमदांकडे अमृतराव काटकर रेसो-रेसो, ते खाचांवर काठी घासायचं वाद्य, वाजवायचे, तेव्हा त्या घासण्यात माणसाच्या मनगटाचा ढिलेपणा असायचा. प्रत्येक वेळी किंचित वेगळा. ‘ओये कोमो वा’मधली गुइरोची करकर ऐका, तोच ढिलेपणा आहे. पॅडवर प्रत्येक करकर सारखी.

परवा जुना काँगो काढून नुसत्या तळव्यानं आणि बोटांनी बसलो. स्लॅपच्या जागी रिकामं सोडलं. लय बरी बसली. सम मात्र अजून ओढते.

तुमच्याकडे हा अल्बम असेल तर गिटार सुरू झाल्यावर कान तिकडे जाऊ देऊ नका. काँगोवर ठेवा आणि पहिल्या मात्रेला टाळी न देता गाणं संपवून दाखवा.