लाल टपाची टॅक्सी

मुलगा दुबईला करामा भागात राहतो. आम्ही दोघं पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो, तेव्हा नेमकी त्याची नाइट शिफ्ट आली. "टॅक्सीच्या रांगेतच उभे राहा, मध्ये कोणी विचारलं तर नाही म्हणा," असं त्याने फोनवर बजावलं होतं.

रत्नागिरीत रिक्षात बसताना असला विचार कधी केला नाही. पहाटे कोकणकन्येने कुवारबावच्या स्टेशनवर उतरलं, तरी रिक्षावाल्यांत एखादा ओळखीचा निघतो. भाडं ठरवायचं आणि बसायचं.

दुबईला विमानतळाबाहेर येतोय तोच एक टापटीप माणूस पुढे आला. "अंकल, लाइन बहुत लंबी है, मेरी गाडी है." हे लगेच थबकले. मी यांच्या हातातली ट्रॉली ओढतच रांग गाठली. तिथल्या अधिकृत टॅक्स्या क्रीम रंगाच्या, टप लाल, निळा, हिरवा असा. गुलाबी टपाची गाडी बाई चालवते, ती बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी. आम्हाला लाल टपाची मिळाली. मीटर २५ दिरहमपासून सुरू झाला आणि यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण विमानतळावरून निघताना तो तिथूनच सुरू होतो. पट्टा मागच्या सीटवरही सक्तीचा, नाहीतर ४०० दिरहम दंड.

ड्रायव्हर पेशावरचा. त्याला हिंदी येतं म्हटल्यावर यांना हुरूप आला. मारुती मंदिरजवळचं आमचं घर सध्या बंद आहे, मुलगा सकाळपर्यंत कामावर, खोलीची किल्ली वॉचमनकडे, अशी सगळी कुंडली मांडून झाली. मी कोपराने ढोसत होते, पण छे! माणूस सज्जन निघाला, हे आमचं नशीब.

पुढे ॲपवरून गाड्या मागवल्या. मुलगा आधी नंबरप्लेट ताडून बघायचा, मग ड्रायव्हरला विचारायचा, "किसके लिए आये हो?" नाव ड्रायव्हरने सांगायचं, आपण नाही. मी एकटी निघाले की गाडी कुठवर आली ते त्याला त्याच्या फोनवर दिसेल, अशी सोयही तो करून द्यायचा.

पहिल्या रात्री आंबापोळी आणि कोकमाची पिशवी मात्र डिकीतच राहिली. मी पावती मागून घेतली होती, तिच्यावर टॅक्सीचा नंबर होता. मुलाने आरटीएच्या, म्हणजे तिथल्या वाहतूक प्राधिकरणाच्या, ८००९०९० वर फोन केला आणि दुसऱ्या संध्याकाळी पिशवी घरी आली. तेव्हा परदेशात टॅक्सीतून उतरताना पावती घ्या, आणि डिकी रिकामी झाल्याशिवाय गाडी सोडू नका.