पूर येण्याआधी विचारायचे प्रश्न

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री डोंगरात धो धो पाऊस झाला आणि ३१ तारखेला चाळीसगावात तितूर व डोंगरी या नद्यांचे पाणी बाजारपेठेत, घराघरांत शिरले. काठावरच्या गावांतली गुरे वाहून गेली. त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला. आम्ही खानदेशातली माणसे दुष्काळाला सरावलेली. दरड आणि महापूर ही कोकणची दुखणी, असे आम्ही म्हणत असू. आता तसे म्हणता येत नाही.

पाऊस कोणाच्या हातात नाही, पण पाण्याची वाट अडवणे माणसाच्याच हातात आहे. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापला की वरच्या मुरमाचा आधार जातो. त्यात पाणी मुरले की तो खाली येतो. खोदलेली माती नाल्यात लोटली तर नाला उथळ होतो. मग पाणी वस्तीत शिरते.

आमच्या घरामागच्या नाल्यावर भराव टाकून प्लॉट पाडले गेले. पाण्याला दोन पाइप ठेवले. आता दर जोराच्या पावसाला धान्याचे डबे आणि मुलांची दप्तरे माळ्यावर चढवावी लागतात. शेजारच्या आजी म्हणतात, "पानी आपली वाट भुलत नही." आपल्या पुष्कळ वस्त्या गावाच्या सखल अंगाला आहेत. ती जागा आपण निवडलेली नव्हती. म्हणून हा प्रश्न आधी आपला आहे.

मोठे धरण, खाण, नवा महामार्ग यांसारख्या कामांआधी पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास करावा, असा नियम १९९४ साली झाला. १९९७ मध्ये त्यात जनसुनावणी आली. २००६ च्या अधिसूचनेने सध्याची पद्धत घालून दिली. ज्या कामाला सुनावणी लागते, तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. अहवालाचा सारांश मराठीत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. सुनावणीत बोलायला शिक्षणाची वा पदाची अट नाही. तेथे साधे प्रश्न विचारावेत. डोंगर कापल्यावर उताराला आधार काय? खोदलेली माती कुठे टाकणार? पुलाखालची मोरी किती पाण्यासाठी बांधली? शेवटी नोंदलेले मुद्दे मराठीत वाचून दाखवावे लागतात. आपला मुद्दा त्यात आला की नाही, हे ऐकूनच उठावे.

लहान कामांना मात्र हा नियम लागत नाही. वीस हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकाम त्यातून सुटते. घरामागचा नाला बहुधा अशाच कामांत बुजतो. त्यासाठी ग्रामसभा किंवा नगरपालिका गाठावी. नदीकाठी पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्लॉट घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता तो नकाशा पाहावा. मुलीच्या लग्नाचे पैसे थांबवून घेतलेली जागा निळ्या रेषेच्या आत निघाली, तर आयुष्याची कमाई पाण्यात जाते.

महिला मंडळांनी मनावर घेतले तर हे काम सोपे आहे. घरात पाणी शिरल्यावर चिखल उपसतात त्या बायाच. तेव्हा पावसाळ्याआधी चार जणींनी नाला पायी फिरून पाहावा, कुठे भराव पडला ते लिहून अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पुरानंतर पंचनाम्याच्या रांगेत उभे राहावेच लागते. त्याआधी सुनावणीत उभे राहायला शिकूया.